कापलेलं कव्हर

कव्हर मी कापलं तेव्हा माझे सासरे दादासाहेब देवघरात होते, म्हणूनच कापता आलं. कात्री स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्यांची. कव्हर मरून रंगाचं, सांगलीहून कारागीर बोलावून सीटच्या मापाने शिवून घेतलेलं, पाठीवर सोनेरी दोऱ्यात 'सरकार' असं भरलेलं. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता.

मागच्या सीटच्या खाचेत बोटं घातली की बेल्टची बकलं हाताला लागत होती, पण वर येत नव्हती. त्या कारागिराने तिन्ही बकलं कव्हराखाली गाडून वरून सुरेख दुहेरी शिलाई मारली होती. बकलं वर आली की सीट उघडीबोडकी दिसते, असं त्याचं मत होतं. दादासाहेबांना ते लगेच पटलं. त्यामुळे खिडक्यांजवळ बेल्ट होते, आणि ते अडकवायला जागाच नव्हती.

मी शिवणीला धरून कात्री चालवली.

"काय करतेस तू हे?" मागून आवाज आला. माझा नवरा धैर्यशील. हातात गाडी पुसायचं फडकं.

"बकलं काढतेय. त्याशिवाय केतकीची सीट बसणार नाही."

"अगं, पण दादांनी बघितलं तर?"

हा त्याचा लाडका प्रश्न. आमचं लग्न ठरताना, मी नोकरी सोडताना, केतकीचं नाव ठेवताना, घरात नवा मिक्सर आणताना, प्रत्येक वेळी तो हेच विचारत असे. नाव धैर्यशील. नाव ठेवणाऱ्यांना पुढचं काय ठाऊक असणार!

"बघतीलच की," मी म्हटलं. "एवढं मोठं भोक आहे."

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगावात आमच्या सासऱ्यांच्या द्राक्षबागा होत्या आणि बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. दादासाहेब जगदाळे पंचायत समितीचे सभापती अडीच वर्षं होते आणि त्यानंतर कायमचे माजी सभापती. लग्नपत्रिकेत, पाटीवर, बोलण्यात, सगळीकडे माजी सभापती. अशा माणसाला सीटबेल्ट म्हणजे अपमानच. बेल्ट लावला की ड्रायव्हर वाटतो माणूस, असं ते म्हणत. सांगलीच्या नाक्यावर पोलीस दिसले, तर आरतीपुरता डोक्यावर रुमाल घ्यावा तसा बेल्ट छातीवरून ओढून हातात धरून ठेवत, आणि पोलीस मागे पडले की सोडून देत. नव्या गाडीने बेल्टसाठी टूं टूं करायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून बेल्टची नुसती लोखंडी जीभ आणली आणि बकलात खुपसली. गाडी गप्प झाली. घरातले बाकी सगळे आधीपासून गप्पच होते.

मी मात्र लग्नाआधी चार वर्षं फिजिओथेरपिस्ट होते, सांगलीत. माझ्याकडे यायची ती माणसं गाडीच्या काचेतून बाहेर फेकली गेलेली असत. एका सव्वीस वर्षांच्या मुलाला मी पाण्याचा पेला तोंडापर्यंत न्यायला शिकवत होते. पेला छातीपर्यंत आला की त्याची आई टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या ज्याने ऐकल्यात त्याच्यापुढे कुणी रुबाबाच्या गोष्टी करू नयेत.

केतकी चौदा महिन्यांची होती. तिची सीट माझ्या भावाने पुण्याहून पाठवली होती. गाडीच्या मागच्या बाकावर बेल्टने बांधायची, आणि मूल त्यात मागे तोंड करून बसवायचं, म्हणजे धक्का बसला तर मान न झटकता सगळी पाठ तो झेलते. मी हे घरात समजावून सांगितलं होतं. ऐकून आईसाहेब, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "पाठ फिरवून बसायला पोर रुसलीय का कुणावर?" आणि तो विनोद पुढे आठवडाभर आल्यागेल्याला सांगितला गेला होता.

त्या दिवशी फलटणला माझ्या नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. दादासाहेब देवघरातून कपाळाला गंध लावून बाहेर आले, गाडीपाशी आले आणि थांबले. सीट बसवून झाली होती. कापलेल्या मरून कातड्याची कड वर आली होती आणि तिच्यातून तीन काळी बकलं डोकावत होती.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, दादा."

"ब्लेड मारलं व्हय गाडीला?"

"गाडीला नाही, कव्हराला. बकलं खाली दाबली गेली होती."

त्यांनी धैर्यशीलकडे पाहिलं. धैर्यशीलने फडक्याकडे पाहिलं.

"तुला म्हाईत होतं?"

"नाही दादा, मी आत्ताच आलो," धैर्यशील म्हणाला. त्यातला 'आत्ताच' तेवढा खरा होता.

आईसाहेब ठेवणीतली जांभळी पैठणी नेसून बाहेर आल्या. मागच्या सीटवर त्यांना मळमळायचं, म्हणून त्या कायम पुढे बसत. त्यांनी हात पुढे केले. "दे गं तिला माझ्याकडं. मांडीवर बसंल मस्त, रस्ता बघत. एवढी तीन पोरं मी अशीच नेली आणली, कुणाचं काय वाकडं झालं?"

"आईसाहेब, ती तिच्या सीटवरच बसणार."

"आजीच्या मांडीपेक्षा ती प्लॅस्टिकची पाटी भारी झाली?"

"त्यापेक्षा असं करा," दादासाहेब म्हणाले, "ठेव ती तुझी खुर्ची पुढं, आणि ही बसू दे मागं पोरीला घेऊन. म्हंजे सगळ्यांचंच समाधान."

"पुढे एअरबॅग आहे, दादा. उलटी सीट तिच्यासमोर ठेवायची नसते. फुगा उघडला तर सीटवरच आपटतो."

"गाडी माझी आणि कायदं हिचं!" ते हसले. धैर्यशीलही हसला. वडील हसले की त्याचा चेहरा आपोआप तसा व्हायचा.

मी केतकीला कडेवर घेतलं आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. "मग तुम्ही या जाऊन. आम्ही दोघी घरी थांबतो."

दादासाहेबांपुढे आता खरा पेच होता. फलटणला आमदारांचे मेहुणे येणार होते, पाव्हणे-रावळे जमणार होते, आणि नातीला न नेता गेलं तर लोक विचारणार, सूनबाई का नाही आल्या? सून रुसली हे त्यांना चारचौघांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

"बसव बाई," ते शेवटी म्हणाले. "बांध तुझ्या पोरीला. कोंबडी बाजारला नेताना बांधत्यात तशी बांध."

आम्ही निघालो. पुढे दादासाहेब आणि आईसाहेब. मागे डावीकडे केतकी तिच्या सीटवर, मध्ये मी, उजवीकडे खिडकीशी धैर्यशील. मी माझा बेल्ट लावला, तो टक् असा वाजला, आणि पुढून लगेच आवाज आला, "झालं का सगळ्यांचं टेक ऑफ?"

"आईसाहेब, तुम्ही तरी लावा," मी म्हटलं.

"नको गं. पैठणी चुरगळतीय. आणि जायचंय कुठं, तर फलटण."

जणू मरण फक्त मुंबईच्या वाटेवर येतं.

जानेवारीतली सकाळ होती. धैर्यशीलने अंगावरची शाल उलगडून गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत पसरून घेतली आणि डोकं खिडकीला टेकवलं. थंडी होती हे खरं, पण एवढी नव्हती. मला वाटलं, कटकटीतून सुटायचं म्हणून झोपतोय. ही त्याची जुनी युक्ती.

विट्यापर्यंत दादासाहेबांनी माझी यथेच्छ सालं काढली. आमच्या वेळी बैलगाडीला कुठं पट्टे होते? शिकलेल्या पोरी भित्र्या असतात. बेल्ट लावणाऱ्याचा स्वतःच्या ड्रायव्हिंगवर विश्वास नसतो, आणि मागे बसून लावणाऱ्याचा दुसऱ्याच्या. पेट्रोल पंपावर एक ओळखीचे बागायतदार भेटले तर काच खाली करून त्यांना बोलावलं. "या, बघा या. आमच्या नातीला आरोपीसारखं बांधून न्यायलोय." बागायतदार वाकून बघून मनापासून हसले. केतकीनेही त्यांच्याकडे बघून बोळकं पसरलं.

"सूनबाई, रागावली नाहीस ना?" दादासाहेबांनी आरशातून विचारलं.

"नाही दादा. तुम्ही समोर बघा."

"बघा! आता मला गाडी शिकवती ही. धैर्यशील, ऐकतोस का रं?"

"ऐकतोय दादा," तो डोळे न उघडता हसला. "तिचं असंच असतं. घरातसुद्धा बेल्ट लावून झोपेल ती." पुढची दोघं खळखळून हसली. त्याला आतापर्यंत जमलेल्या विनोदांपैकी तो सर्वांत यशस्वी ठरला.

मायणी मागे पडलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना ज्वारी. पुढे एक एसटी चालली होती. दादासाहेब सभापती असताना त्यांनी कुठल्याशा इंजिनिअरला कसं झापलं ती गोष्ट सांगत होते, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा त्या इंजिनिअरच्या अंगावर उगारलेला. "मी म्हटलं, साहेब, हा रस्ता माझ्या बापाचा न्हाई, पण..." असं म्हणत त्यांनी एसटीला ओलांडायला गाडी उजवीकडे काढली. गाडी जोरात होती. एसटीच्या पुढे येऊन परत डावीकडे वळलो, तर शेताच्या बांधावरून एक ट्रॅक्टर नुकताच रस्त्यावर चढत होता, आणि त्याची उसाची ट्रॉली अजून रस्त्यात आडवी होती.

आईसाहेबांनी "अगं बाई" एवढंच म्हटलं. ब्रेक लागले, गाडी सरकत गेली आणि डाव्या बाजूने ट्रॉलीच्या कोपऱ्यात शिरली.

तो आवाज मी वर्णन करणार नाही. बेल्टने मला कमरेत असं धरलं की श्वास गेला. परत आला तेव्हा गाडीत पांढरा धुरळा तरंगत होता, जळक्या रबरासारखा वास येत होता, आणि कुठेच कसला आवाज नव्हता. त्या शांततेत मी डावीकडे वळले. केतकी सीटवर होती, जशीच्या तशी. डोळे मोठे, तोंड उघडं. मग तिने भोकाड पसरलं. तिच्या रडण्याइतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. मी तिचे हातपाय चाचपले, मान पाहिली. पट्ट्यांखाली खांद्यावर लाल वळ, बाकी काही नाही.

पुढे दादासाहेब स्टिअरिंगवर वाकले होते. नाकातून रक्त, छाती धरून कण्हत होते. आईसाहेबांच्या कपाळावरून रक्ताची धार डोळ्यात जात होती. पुढचा डॅशबोर्ड त्यांच्या गुडघ्यांवर येऊन बसला होता आणि उघडून रिकामा झालेला फुगा मांडीभर पसरला होता. त्या दोन्ही हातांनी तो फुगा चाचपत होत्या, उचलून खाली बघत होत्या, परत चाचपत होत्या.

"पोर कुठाय?" त्या म्हणाल्या. "माझ्या मांडीवर होती. माझ्या हातातनं सुटली गं. शर्वरी, पोर सुटली माझ्या हातातनं!"

"आईसाहेब, ती तुमच्याकडे नव्हती."

"होती गं. मी धरलेली. सुटली."

"नव्हती. माझ्याशेजारी आहे. ऐका, रडतेय ती. ऐकू येतंय का?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी ऐकलं. मग त्या रिकाम्या मांडीकडे बघत त्या जे रडू लागल्या, ते मला आजही विसरता येत नाही. त्या घरातलं ते एकच रडणं मला खरं वाटलं.

आणि माझ्या उजवीकडे खुडबूड चालली होती. "निघत नाही," धैर्यशील पुटपुटत होता. "च्यायला, निघत नाही." त्याचे दोन्ही हात शालीच्या आत होते. मला वाटलं पाय अडकला. मी शाल ओढली.

त्याने बेल्ट लावला होता.

खांद्यापासून कमरेपर्यंत, नीट, घट्ट. मी सकाळी कात्रीने मोकळ्या केलेल्या बकलात. तासगाव सोडतानाच लावला असणार. माझा टक् असा वाजला, दादासाहेबांचा शेरा आला, मी केतकीकडे वळले, आणि त्या गडबडीत याचा टक् बुडून गेला. मग वरून शाल. आणि शालीखाली बेल्ट लावून हा माणूस तासभर, मी घरात बेल्ट लावून झोपते म्हणून विनोद करत होता.

मी बटण दाबलं. बेल्ट सुटला. तो मोकळा झाला. त्याला खरचटलंही नव्हतं. पुढे त्याची आई रक्ताने माखून रडत होती, बाप कण्हत होता, शेजारी त्याची मुलगी टाहो फोडत होती. त्याने माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"दादांना सांगू नकोस."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा मी मनगट सोडवून घेतलं आणि केतकीचे पट्टे सोडवायला लागले.

एसटीतली माणसं धावत आली. त्यांनीच दारं उचकटली, आईसाहेबांना बाहेर काढलं, रुग्णवाहिका बोलावली. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे विट्याच्या एका दवाखान्यात होतो. आईसाहेबांचा एक गुडघा फुटला होता, मनगट मोडलं होतं, कपाळाला टाके. दादासाहेबांच्या चार बरगड्या आणि नाक. आणि तोवर फलटणची वास्तुशांत तशीच टाकून पाव्हणे दवाखान्यात जमले होते, आणि दादासाहेब कॉटवर उशांना टेकून, नाकात कापूस घालून, पहिल्या तासाभरातच अपघात सांगायला लागले होते.

त्या अपघातात ट्रॅक्टरवाला दारू प्यायलेला होता. दादासाहेबांनी विलक्षण चपळाईने स्टिअरिंग वळवलं होतं, नाहीतर सगळेच गेले असते. कुलदैवत पाठीशी उभं होतं. "आणि धैर्यशीलनं," ते म्हणाले, "एका हातानं पुढची सीट धरली आणि दुसऱ्या हातानं पोरीला दाबून धरलं. म्हणून पोर वाचली."

हे त्यांना धैर्यशीलने सांगितलं होतं, हे उघडच होतं. पाव्हण्यांनी माना डोलवल्या. एका मामांनी धैर्यशीलच्या पाठीवर थाप मारली, तसा तो कळवळला.

डॉक्टर मुजावर तेवढ्यात फेरीला आले होते. त्यांनी थाप पाहिली, कळवळणं पाहिलं. "तुमची तपासणी राहिलीच की. शर्ट काढा."

"नको डॉक्टर, मला काही नाही."

"काढा हो."

धैर्यशीलने शर्ट काढला. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत, फूटपट्टीने आखावा तसा, चार बोटं रुंद जांभळा पट्टा उमटला होता. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं, बरगड्या दाबून पाहिल्या, पोट पाहिलं.

"काही मोडलेलं नाही," ते म्हणाले. "बेल्टचा वळ आहे, आठवड्यात जाईल. मागे बसून बेल्ट लावला होता? शहाणपणा केलात. या रस्त्यावर असं कुणी दिसत नाही मला."

खोलीतले सगळे धैर्यशीलकडे पाहू लागले. दादासाहेबांनी मान उचलली. बरगड्यांमुळे त्यांना ते जड गेलं, तरी उचलली.

"बेल्ट लावला होतास काय रं?"

धैर्यशीलच्या छातीवर उत्तर लिहिलेलं होतं. जांभळ्या रंगात, सगळ्यांना वाचता येईल असं. तो त्याच्यावर शर्ट धरून उभा राहिला.

"नाही दादा," तो म्हणाला. "सीटवर आपटलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर काहीतरी लिहायला लागले. मी केतकीला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. ती झोपली होती. मला राग आला नव्हता. सकाळपासून मी तो माणूस काय आहे याचा विचार करत होते, आणि आता करायला काही उरलं नव्हतं.

"लावला होता," मी म्हटलं. "शालीखाली. आणि केतकीला कुणी धरलं नव्हतं. ती तिच्या सीटवर बांधलेली होती, कोंबडीसारखी. तिला धरायला कुणाचे हात मोकळे नव्हते. यांचे तर नव्हतेच."

जिवंत राहिल्याची इतकी लाज वाटलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मामांनी आपला हात खिशात घातला. दादासाहेबांनी सावकाश मान उशीवर टेकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पोराने चोरी केली असती, पिऊन धिंगाणा घातला असता, तर त्यांनी वकील बघितला असता. पण पोराने त्यांच्या गाडीत, त्यांच्याच पाठीमागे, त्यांच्या ड्रायव्हिंगवर अविश्वास दाखवला होता. आठवडाभर ते त्याच्याशी बोलले नाहीत.

धैर्यशील मात्र माझ्याशी बोलला, बाहेर व्हरांड्यात. "चारचौघांत काढायची काय गरज होती?"

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "बेल्ट लागतो, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुमची आई पुढे मोकळी बसली आणि तुम्ही तिला एका शब्दाने म्हटलं नाही. तुम्ही हसत होता."

"तुला आमच्या घरातलं काही कळत नाही," तो म्हणाला, आणि आत वडिलांचे पाय चेपायला गेला.

पुढे आईसाहेब काठी घेऊन चालायला लागल्या. गाडी दुरुस्त होऊन आली, तिच्यावर नवी कव्हरं चढली, त्यांवरही 'सरकार'. पण कव्हर चढवणाऱ्याला आईसाहेबांनी समोर खुर्ची टाकून बसून बकलं वर काढायला लावली. पहिल्यांदा बाहेर निघालो तेव्हा त्या पुढच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावला, आणि दादासाहेबांच्या बकलातली ती लोखंडी जीभ उपसून काचेतून उसाच्या शेतात फेकून दिली.

"आता लावा," त्या म्हणाल्या. गाडी टूं टूं करत राहिली. शेवटी दादासाहेबांनी बेल्ट लावला.

माझ्या भावाने केतकीसाठी दुसरी सीट पाठवली. जुनी दिसायला धडधाकट होती, एक ओरखडाही नव्हता, पण अपघात झेललेली सीट पुन्हा वापरायची नसते. आतून कुठे तडकली असेल, ते बाहेरून दिसत नाही. मी ती त्याच आठवड्यात पट्टे कापून भंगारात दिली.

लग्न मात्र मी पुढे चार वर्षं वापरलं.